आकडा लागला

घनश्यामबाबूंनी पिवळ्या फ्लॅनेलची शेवटची घडी उलगडली, तेव्हा त्यांचा अंगठा नेमका आतल्या रिव्हॉल्व्हरच्या नंबरावर होता. दिसत होतं ते एवढंच, एक एक सात. पुढचं ‘चार दोन’ देवाजीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, आणि मग घनश्यामबाबूंनी अंगठा उचलला तर खाली चार आणि दोनच होते. “चष्मा न लावता वाचता की हो,” असं म्हणून ते कौतुकानं हसले. देवाजी हसला नाही. त्याचा हात बाकावरच्या कानशीवर होता, तो तिथंच राहिला. रविवारची सकाळ, दहाचा सुमार, ऊर्जानगरातल्या त्याच्या क्वार्टरची मागची पडवी. बायकोनं, कांतानं, आणलेला चहा दोघांच्या मध्ये निवत होता आणि लांब कुठंतरी पॉवर स्टेशनची वाफ नेहमीसारखी सुटत होती. काहीच बदललेलं नव्हतं. फक्त जे आपण जन्मभर गाण्यासारखं पाठ म्हणत आलो, ते लोखंडावर खोदलेलं असतं, ही गोष्ट देवाजीला एकावन्नाव्या वर्षी कळली.

देवाजी वर्कशॉपमधला फिटर. आधी बल्लारपूरला कागदाच्या गिरणीत वीस वर्षं, मग इथली वीज सुरू झाल्यापासून इथं. टर्बाइनचं बेअरिंग हातानं घासून बसवायचं असलं की इंजिनिअर लोक गपगुमान बाजूला उभे राहत आणि देवाजीला बोलावत. कोणी त्याच्या हाताची तारीफ केली तर तो म्हणायचा, हात नाही, कान पाहिजे, लोखंड आपणहून सांगते. हीच कीर्ती ऐकून घनश्यामबाबू नागपुराहून आले होते. जुन्या हत्यारांचा शौक असलेला माणूस. आल्या आल्या आधी परवान्याचे कागद बाकावर मांडले, पोलीस ठाण्याची नोंद दाखवली, रिव्हॉल्व्हर उघडून आत गोळी नाही हे दाखवलं आणि मगच कामाचं काढलं. त्यांचं हे वागणं देवाजीला आवडलं. काम लहानसं होतं. मुठीच्या बुडाशी एक लोखंडी कडी असते, घोडेस्वार तिच्यात दोरी अडकवून दोरी गळ्यात घालतो, म्हणजे दौडत्या घोड्यावरून हत्यार हातातून सुटलं तरी ते जमिनीवर न पडता लोंबकळत राहतं. या रिव्हॉल्व्हरच्या कडीला कुठल्याशा खेड्यातल्या लोहारानं पितळेनं झाळून सांधलं होतं. घनश्यामबाबूंना ते डोळ्यांत खुपत होतं. ती कडी काढून फेकायची, पोलादाची नवी करायची आणि ती अशी जुनी दिसली पाहिजे की जाणत्यानंही ओळखू नये.

“हे हत्यार पाहा तर खरं,” घनश्यामबाबू म्हणाले आणि त्यांनी ते तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी पुढं केलं. देवाजीनं घेतलं. वजन मनगटात उतरलं आणि तिथंच स्थिर झालं, नळीकडं झुकलं नाही की मुठीकडं ओढलं नाही. वा रे कारागीर, असं त्याच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी असं मनात आल्याची त्याला चोरी वाटली. त्यानं खटका दाबला, हत्यार मधोमध मोडून खाली वाकलं आणि त्याबरोबर सहा घरांमधून एक चांदणी सावकाश वर उठली, रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी. मिटलं तेव्हा ती आत गेली, फट दिसेना. शंभर वर्षांच्या आसपासचं काम, विजेचं मशीन नसताना केलेलं. सिलिंडर अंगठ्यानं फिरवला तर सहा वेळा तोच आवाज आला, एकही हलका नाही, एकही जड नाही. नळीच्या तोंडाशी निळा रंग उडून पांढरं पोलाद दिसत होतं, कातड्याच्या म्यानात हजारदा जाऊन येऊन. मुठीवरच्या बारीक चौकड्या एका बाजूनं गुळगुळीत झाल्या होत्या, अंगठा जिथं बसतो तिथं. म्हणजे याचा धनी उजव्या हाताचा होता आणि हाताला चाळा होता, काम नसतानाही मूठ चोळत बसायचा. देवाजी वाचत गेला. कागदावरचं वाचायला त्याला शाळेत कष्ट पडले होते, लोखंडावरची झीज त्यानं कधी अडखळत वाचली नाही.

हा नंबर देवाजीला लहानपणापासून पाठ होता, पण त्याच्या बापाशी तो जोडला गेला होता तीन दिवसांत. श्रावण त्याचं नाव, कामठीच्या छावणीत रिसाल्याच्या एका गोऱ्या साहेबाचा सईस. घोडा खरारायचा, खोगीर कसायचं, लगाम धरून उभं राहायचं. आणि साहेब रिकिबीत पाय टाकायच्या आधी शेवटचं काम, गळ्यातल्या दोरीचा आकडा पिस्तुलाच्या कडीत अडकवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, आकडा लागला साहेब. रिसाल्यातल्या बाकीच्यांची दोरी नुसती फाशाची असायची, पण या साहेबाला शौक, त्यानं दोरीच्या टोकाला पोलादी आकडा लावून घेतला होता. बत्तीस साली साहेब चांद्याच्या रानात शिकारीला आला. मूल गावच्या रस्त्याच्या अंगाला सांबरामागं घोडा घातला आणि तासाभरानं परतला तर दोरी गळ्यात सबंध, आकडा मिटलेला, पिस्तूल नाही. दोरी तुटली असती तर पडलं म्हणता आलं असतं. आकडा उघडा असता तरी म्हणता आलं असतं. दोन्ही शाबूत म्हणजे कोणीतरी हातानं काढून घेतलं, नाहीतर मुळात लावलंच नाही, आणि आकड्याला हात लावणारा माणूस एकच. तीन दिवस एका झाडाखाली बसवून, ती दोरी हातात धरायला लावून त्याच्यावर तो नंबर ओरडला गेला, एक एक सात चार दोन कुठं आहे. चौथ्या दिवशी नोकरी गेली आणि श्रावण पायी गावाला आला. त्यानंतर तापात, झोपेत, नांगर थांबवून बीडी पेटवताना तो नंबर म्हणायचा. देवाजीला दोनाचा पाढा यायच्या आधी तो येत होता. आणि घराचं दार लोटून कडी घातली की बाप मोठ्यानं म्हणायचा, लागला. ऐकायला कोणी असो वा नसो.

“या हत्याराची मजा म्हणजे याची गोष्ट,” घनश्यामबाबू म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक टाइप केलेली चोपडी काढली. आपल्याकडच्या प्रत्येक हत्याराचा इतिहास ते असा लिहून ठेवत, इतर शौकिनांना पाठवत, आणि नागपूरला प्रदर्शन भरलं की काचेखाली लावत. त्यांनी मोठ्यानं वाचलं. रिसाल्याचं नाव, कारखान्याचं नाव, मुठीवरच्या खुणा. मग, “सन एकोणीसशे बत्तीसमध्ये चांद्याच्या जंगलात श्रावण नावाच्या सईसाने हे रिव्हॉल्व्हर चोरले व पकडले जाण्याच्या भीतीने रानात टाकून दिले. पुढे मोह वेचणाऱ्या एका बाईस ते झाडाखाली सापडले व तिने गावच्या मालगुजारांच्या स्वाधीन केले.” त्यांनी वर पाहिलं. “त्या रिसाल्याच्या जुन्या कागदांतून सईसाचं नाव काढायला मले दोन वर्षं लागली, देवाजी. नाव असलं की हत्यार जिवंत होते.” ते खरंच खूश होते. त्यांच्यात कपट नव्हतं, हेच अवघड होतं. देवाजी म्हणाला, “चहा निवून राह्यला बाबूजी,” आणि स्वतःचा कप एका घोटात संपवला.

आता खरं सांगायचं तर ही गोष्ट देवाजीला नवी नव्हती आणि एके काळी ती त्याला फार आवडायची. गावात बापाला पिस्तुल्या म्हणत. चिडवून नाही, मानानं. छपन्न सालानंतर वस्तीनं बुद्धविहार बांधला, त्याच्या ओट्यावर बसून म्हातारे नव्या पोरांना सांगत, हा पाह्य पिस्तुल्या, यानं गोऱ्या साहेबाच्या गळ्यातून पिस्तोल काढलं आन् साहेबाले पत्ताबी नाई. कोणी म्हणे ते घरात पुरलं आहे, कोणी म्हणे वैनगंगेत टाकलं. लग्नात बापाला पुढं बसवत. बाप म्हणायचा, म्या घेतलं नाई बा. ते हसत, हो हो, नाई घेतलं. चौदा वर्षांचा देवाजी एकदा घरात कोणी नसताना चुलीमागची जमीन पहारीनं खणत बसला होता. बापानं पाहिलं, पहार घेतली, माती परत लोटली आणि पायानं दाबून सारखी केली. पिस्तूल नसलेला बाप देवाजीला कमी वाटला. हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कांतालाही नाही. एकाहत्तर साली बाप गेला, तेव्हासुद्धा खांदा देताना त्याच्या मनात आलं होतं की शेवटी तरी सांगायला पाहिजे होतं, कुठं ठेवलं ते.

आणखी एक होतं. विहारात पंचशील म्हणताना बाप दुसऱ्या शीलाशी थांबायचा. न दिलेलं घेणार नाही, हे सगळे एका सुरात म्हणून पुढं जायचे आणि बापाचा आवाज एक क्षण मागं राहायचा, मग धावत येऊन तिसऱ्याला गाठायचा. देवाजी शेजारी बसून तो मागं राहिलेला आवाज ऐकत असे. त्याच्या कानाला ती पक्की कबुली वाटे. लोखंडाचं ऐकणारा कान, पण बापाचं ऐकताना तो एवढा कसा चुकला, हे पुढं कळायचं होतं.

“कडी पाहू द्या,” तो म्हणाला. भिंग डोळ्याला लावून त्यानं मूठ उजेडाकडं वळवली. कडी बोटभर रुंद. एका जागी पितळेची पिवळी रेघ. लोहाराचा हात काही वाईट नव्हता, ओबडधोबड पण मनापासून केलेलं काम. “हे कोनी केलं?” “मालगुजारांच्या लोहारानं. त्यांच्याकडं आलं तेव्हा कडी फाकलेली होती म्हणतात. खुंटीला टांगता येईना म्हणून झाळून घेतली.” घनश्यामबाबूंनी हे सहज सांगितलं, चहाचा कप उचलता उचलता. ज्या तोंडानं चोरी वाचली त्याच तोंडानं. दोन्हींची गाठ त्यांनी कधी घातली नव्हती, आणि का घालावी, त्यांचा कोण लागत होता तो सईस. देवाजीनं भिंग तसंच ठेवलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना कडीचं पोलाद आतून उतरत उतरत बारीक होत गेलं होतं. कापलेलं नव्हतं, घासलेलं नव्हतं. चकचकीत गुळगुळीत उतार, पोलादावर पोलाद वर्षानुवर्षं हललं की होतो तसा. असे उतार त्यानं गिरणीत साखळ्यांवर पाहिले होते, क्रेनच्या आकड्यांवर पाहिले होते. घोडा एक पाऊल टाकतो, आकडा कडीवर एकदा घासतो. किती पावलं झाली असतील. कडी झिजत झिजत कागदासारखी झाली, सांबरामागच्या दौडीत एक हिसका बसला, तिनं तोंड उघडलं आणि आकडा त्या तोंडातून अलगद निसटला. दोरी सबंध. आकडा मिटलेला. पिस्तूल गवतात.

देवाजीनं भिंग खाली ठेवलं. त्याला आनंद झाला नाही. आधी वाटली ती शरम. बापानं चाळीस वर्षं एकच वाक्य सांगितलं होतं, म्या घेतलं नाई बा, आणि ते जगात एकानंही खरं मानलं नव्हतं, साहेबानं नाही, वस्तीनं नाही, पोरानं नाही. साहेबानं संशयानं मानलं नाही आणि वस्तीनं प्रेमानं मानलं नाही, एवढाच काय तो फरक. आणि आता हा भला माणूस त्याच्याच हातात ती कडी देऊन म्हणत होता, काढून फेका. त्यानं काढली तर नवी इतकी सुंदर करता आली असती की साहेबही फसला असता. ते काम त्याला बोटांत जाणवायला लागलं होतं, हीच तर पंचाईत. शिवाय चोरी गेली की पिस्तुल्याही गेला, लग्नात पुढं बसणारा, ओट्यावरच्या गोष्टीतला. उरणार कोण, तर एक सईस, ज्यानं आपलं काम नीट केलं होतं. देवाजी स्वतःशीच म्हणाला, पुरे झालं, तेवढं पुरे आहे.

“कडी काढू नोका बाबूजी,” तो म्हणाला. “ते श्रावण सईस माह्ये वडील.”

घनश्यामबाबूंनी कप खाली ठेवला. देवाजीनं त्यांना भिंग दिलं, कडी दाखवली, उतार दाखवला, सगळं एका दमात नाही, फिटर शिकाऊ पोरांना सांगतो तसं एकेक करून. बाबू बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, “कोणी पक्कडीनं फाकवलीही असेल.” “पक्कड दातांची खूण सोडते. एक तरी दात दाखवा.” ते परत बघायला वाकले. दात नव्हता. माणूस शौकीन होता, झीज म्हणजे त्यांचं दैवत, त्यामुळं त्यांचा चेहरा आतून उजळायला लागला होता हे देवाजीला दिसलं. पण चोपडी त्यांच्या मांडीवर होती. “चोरीची गोष्ट लोकांना आवडते, देवाजी,” ते जरा ओशाळून म्हणाले. “काचेपाशी लोक थांबतात तिच्यामुळं.”

“मलेबी आवडत होती,” देवाजी म्हणाला.

पडवीच्या खालच्या पायरीवर ठमाबाई, देवाजीची आई, सुपात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. पंच्याहत्तरीची बाई, कान तिखट. तिनं मान वर न करता विचारलं, “तुह्या बापाचं पिस्तोल होय काय ते?” “साहेबाचं, माय,” देवाजी म्हणाला. “तेच.” ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात धुतलेल्या फडक्याची पुरचुंडी होती आणि तिच्यात ती दोरी, पांढऱ्या सुताची, वेणीसारखी विणलेली, आता पिवळट. टोकाला पोलादी आकडा. देवाजीनं ती लहानपणी दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा बापानं हातातून काढून घेतली होती. पाळण्याला लावू दिली नाही, बैलाला लावू दिली नाही. दर उन्हाळ्यात आकड्याला जवसाचं तेल लावून परत गुंडाळून ठेवायचा. देवाजीनं आकडा उजेडात धरला. आतल्या बाजूला एक बारीक खाच पडलेली होती, झिजून. त्यानं रिव्हॉल्व्हर उलटं केलं, आकडा उघडला आणि कडीत घातला. खाच पितळेच्या रेघेवर आली आणि बसली. असा आवाज त्यानं आयुष्यभर बेअरिंगमधून ऐकला होता, दोन वस्तू एकमेकींसाठीच झिजलेल्या असल्या की येतो तो, आणि तो आवाज ऐकून घनश्यामबाबूसुद्धा सरळ होऊन बसले.

मग घनश्यामबाबूंनी खिशातलं पेन काढलं, चोपडीतल्या ‘चोरले’ या शब्दावर ते थोडं रेंगाळले, कारण दोन वर्षांची मेहनत होती, आणि मग त्यांनी ती सबंध ओळ आडवी खोडली. “दुसऱ्यांना पाठवलेल्या प्रतींचं मी पाहतो. पत्रं टाकतो.” मग जरा चाचरत त्यांनी विचारलंच, कारण न विचारता त्यांना राहवलं नसतं. “ही दोरी सोबत असली तर पाहणाऱ्याला सांगावंच लागणार नाही. आकडा आणि कडी शेजारी ठेवले की झालं. पण तुमच्या घरची एकच आठवण ही.”

देवाजीला ती द्यायची नव्हती. बापाची उरलेली वस्तू ती तेवढीच, आणि आजच तर ती बोलली होती. त्यानं दोरी मुठीत घट्ट धरली.

“देऊन टाक त्याईले,” ठमाबाई म्हणाली. “ते आपली नोहे. हाकलून दिला तवा हातातच राह्यली होती त्याच्या. वेशीवर आला तवा ध्यानात आलं. मांगं जाऊन द्यावं त पिस्तोल पाह्यजे म्हनून अखीन मारतीन, या भेवानं घेऊन आला. मले म्हने, पिस्तोल म्या नाई घेतलं, पन हे दोरी कोनी मले देली नोहती. जनमभर वापस द्यायलेच ठेवली.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“तुले काय सांगाव. तू त पिस्तोल पाह्यजे म्हनून चूल खंदत होता.”

विहारातला तो मागं राहिलेला आवाज देवाजीला ऐकू आला, दुसऱ्या शीलाशी थांबलेला. कबुलीच होती ती, पण दोन हात दोरीची. एवढ्याशा सुताच्या वेणीसाठी हा माणूस दर पौर्णिमेला सगळ्या वस्तीच्या मागं राहत होता, आणि शेजारी बसलेला पोरगा हिशोब लावत होता पिस्तुलाचा. देवाजीला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की त्याला पडवीत कोणाकडं बघता येईना. एवढा सरळ माणूस त्यानं पाहिलाच नव्हता, आणि पस्तीस वर्षं त्याच्याच घरात जेवला होता.

घनश्यामबाबू चोपडीचं मागचं पान उघडून थांबले होते. “मग असं लिहितो,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “दोरी, सईस श्रावण यांच्या कुटुंबाकडून भेट.”

“भेट नोका लिहू बाबूजी,” देवाजी म्हणाला. “वापस केली, असं लिहा. सईस श्रावण यानं वापस केली.”

त्यांनी तसं लिहिलं आणि तारीख घातली. देवाजीनं आकडा कडीतून काढला, फडक्यानं पुसला, तेलाचा एक थेंब लावला आणि पितळेच्या रेघेवर पुन्हा नीट बसवला. आईनं सुपातून मान वर न करता विचारलं, “लागला काय?”

“आकडा लागला, माय,” तो म्हणाला, जरा मोठ्यानंच. ठमाबाईनं मान हलवली आणि उरलेली डाळ निवडायला घेतली.